बाळेहळ्ळाची पुळण

मी मास्ती. हिरेदिब्बात चुनेवाली मास्ती कुठे राहते विचारलंत, तर शेंबडं पोरगंही माझ्या भट्टीकडे बोट दाखवेल. तोंडाळ मास्ती कुठे राहते विचारलंत तरी तिकडेच दाखवेल, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. नवरा होडीवरून परत आला नाही तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पदरात धाकटा भाऊ. तोंड नसतं तर खाडीच्या आधी गावानंच मला गिळलं असतं.

आमच्या गावापुढे बाळेहळ्ळ खाडीला मिळतो. तसा ओढाच तो, पण घाटात उगवतो, वरच्या सुपारीच्या बागांना पाणी पाजतो, तीन वाड्या ओलांडतो आणि खारं पाणी लागलं की अंग सैल सोडतो. गोडं आणि खारं मिळतं तिथे आमची पुळण आहे. ओहोटीला ती उघडी पडते. मग गावातल्या तीस-बत्तीस बायका कमरेला टोपली बांधून उतरतात आणि पायाच्या बोटांनी वाळू चाचपत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यांतली मासळी, काढतात. आतलं मांस कुमठ्याच्या बाजाराला जातं आणि शिंपल्या माझ्या भट्टीला. आमच्या बायकांना दुसरं काही नाही. पुळण गेली तर मंगळुराकडे काजू सोलायला जायचं, पोरंबाळं इथे टाकून.

शिंपल्या भाजून मी चुना करते. माझी अव्वा, म्हणजे आई, करायची, तिची सासूही करायची. हा चुना खायला थोडा जातो, बाकी सगळा वर, बागांना. पावसात सुपारीवर कोळेरोग येतो, कोवळं फळ कुजून गळतं. म्हणून मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून झाडाच्या शेंड्याला फवारतात. मोरचूद जहाल, त्याची धग चुना मारतो. मोरचूद दुकानातून येतो, चुना माझा. बाळेहळ्ळाच्या दोन्ही काठांना मिळून बावीस बागा आहेत आणि बावीसही बागांत हिरेदिब्बाचाच चुना. फवारणारे गडीही खालचेच. माझा भाऊ जट्टू त्यातला मुकादम. माणूस पन्नास हात उंच पोफळीवर चढतो आणि खाली न उतरता या झाडावरून त्या झाडावर जातो, बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. पावसाळाभर तो वर हेगडेंच्या बागेत मुक्कामाला असतो. त्याची बायको गिरिजा इथे आमच्याबरोबर पुळणीवर.

आता त्या वर्षी मी जे केलं ते इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढे माझी जीभ रेटायची नाही.

चुना भाजून झाला होता, ढीग छपराखाली होता. छपरावरच्या झावळ्या बदलायच्या होत्या, आज करू उद्या करू म्हणत राहून गेल्या. वळवाची एक झोड आली आणि ढीग भिजला. भिजलेला चुना महिनाभर हवेत पडला की मरतो. पांढरा राहतो, पण अंगात काही उरत नाही, जिभेला लावला तरी भाजत नाही. दुसरी कुणी असती तर वर निरोप धाडला असता, बाबांनो, यंदा चुना बिघडला, दुसरीकडचा बघा. माझ्यानं ते झालं नाही. मास्तीचा चुना बिघडला हे लोकांनी म्हणायचं? मी मेलेला चुना गोण्यांत भरला, कमी पडला त्यात कच्च्या शिंपल्या कुटून मिसळल्या आणि वरच्या चार बोटांत ताजी चुनकळी पसरली.

मनात अढीही होती, खोटं का बोला. हेगडेंच्या अंगणात मी वीस वर्षं गोण्या उतरवल्या, पण प्यायला पाणी मागितलं की त्यांची बायको ओंजळीत वरून धार धरायची, भांडं काही हातात द्यायची नाही. म्हटलं, झाडालाच फासायचंय ना? पांढरं ते पांढरं. यांना काय कळतंय.

गोण्या वर गेल्या. जट्टूनंच नेल्या.

आषाढात पावसानं आठ दिवस दडी मारली, लख्ख ऊन पडलं. बागवाले अशा उघडिपीची वाटच बघत असतात, सगळ्यांची फवारणी एकदम सुरू होते. इकडे खाडीत भांगाचे दिवस होते, भरती-ओहोटीला जोर नव्हता, पाणी जागच्या जागी डुचमळत होतं. पावसाळ्यात आम्ही पुळणीला हात लावत नाही, पिलं वाढायची असतात. पण ऊन बघून दुग्गक्का सहज एक फेरी मारायला गेली. दुग्गक्का आमच्यात सगळ्यांत जुनी, पुळणीवरचं तिचं वय पन्नास वर्षांचं. ती परत आली ती सरळ माझ्या भट्टीवर. मूठ उघडली. तळहातावर एक तिसरी होती, आ वासलेली. जिवंत तिसरीला बोट लावलं की ती मिटते. दुग्गक्कानं बोट लावलं, पुन्हा लावलं. ती मिटली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी गेलो. काय सांगू तुम्हाला. पाय ठेवू तिथे उघड्या शिंपल्या, वाळूतून वर आलेल्या, मोठ्या, लहान, नखाएवढ्या पिलांसकट. तिसऱ्या दिवशी वास सुटला. गिरिजाला पाचवा महिना होता, ती काठावर बसून ओकत होती आणि ओकता ओकता रडत होती. दोन लेकरं राहिली नव्हती तिची, हे तिसरं.

मग जो तो बोलायला लागला. कुणी म्हणे कोळंबीच्या तळ्यांनी पाणी सोडलं, कुणी म्हणे लाँचचं डिझेल, कुणी म्हणे शहराची गटारं. मत्स्यखात्याचा एक माणूस आला, बाटल्या भरल्या, रुमाल नाकाला लावूनच भरल्या, आणि महिन्याभरात कळवतो म्हणाला. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं की समुद्राकडून काही आलेलं नाही, आलं असतं तर पलीकडच्या वाळूच्या दांड्यावरचे खुबेही, तेही शिंपलेच, मेले असते, ते तर खुशाल आहेत. हे वरून आलंय, ओढ्यातून. मी वर जाते आणि ज्या कुणी हे केलंय त्याला त्याच्या दारात उभा करून विचारते. बायका म्हणाल्या, मास्ती, तूच जा, तुझ्यासारखं तोंड दुसऱ्या कुणाचं नाही.

दुग्गक्का माझ्याबरोबर निघाली. ओढ्याच्या काठाकाठानं चढत गेलो. डबक्यांत मासे पोट वर करून पडले होते, खेकडे दगडांवर येऊन मेले होते. पहिल्या वाडीत मी तोंड सोडलं, तर तिथल्या बायका म्हणाल्या, आमची बदकं मेलीत, आम्हाला काय विचारतेस, वर विचार. दुसऱ्या वाडीतही तेच, वर विचारा. तिसऱ्या वाडीशी दगडांवर निळसर-हिरवी खपली दिसली. मी ती नखानं खरवडली आणि वास घेतला. मोरचूद होता.

मला हायसं वाटलं, खरंच सांगते. चोर सापडला असं वाटलं. दुग्गक्काचा गुडघा सुजला होता, तिला तिथेच एका ओळखीच्या ओट्यावर बसवलं आणि मी एकटी पुढे झाले. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होते. आमच्या ताटात माती कालवलीत, असं सुरू करायचं ठरवलं होतं.

जट्टू हेगडेंच्या खळ्यावर पंपाची नळी दुरुस्त करत बसला होता. कोपरापर्यंत हात निळे. मला बघून उठला, पण हसला नाही. मी आवाज चढवला तसा त्यानं माझा दंड धरला आणि मला गोठ्यामागे नेलं.

तिथे त्यानं सांगितलं ते असं. औषध कालवलं की त्यात विळा बुडवून बघायचा, ही त्यांची जुनी रीत. पातं काळंच राहिलं तर औषध जमलं. पात्यावर तांबडा रंग चढला तर मोरचूद अजून मोकळा आहे, चुना वाढवायचा. यंदा विळा तांबडा झाला. चुना वाढवला, तरी तांबडा. दुप्पट केला, तरी तांबडा. तसंच फवारलं असतं तर कोवळं फळ आणि शेंडे करपले असते. हेगडे म्हणाले, फेकून द्या. बॅरलच्या बॅरल कालवून ठेवलेली होती. शेजारच्या बागेतही तेच झालं, तिच्या पलीकडेही तेच. बावीस बागा, दोन दिवसांत.

"कुठे ओतलं?" मी विचारलं.

"नेहमी ओततो तिथे, ओढ्यात. अक्का, दरवर्षी उरलंसुरलं तिथेच जातं. पाऊस असतो, वाहून जातं. यंदा पाऊस नव्हता."

 त्यानं खाली मान घातली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"गोणीत वरच्या थराखाली काय होतं ते मी बघितलं," तो म्हणाला. "कुणाला बोललो नाही. बोलणारही नाही."

मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं आणि मला त्याच्याकडे.  गोठ्याच्या भिंतीला टेकून मी तिथेच शेणात बसले.

तेवढ्यात हेगडे आले. सुब्राय हेगडे, सत्तरीचे, अंगात बंडी, कधी कुणाला अरे-तुरे न करणारा माणूस. खाली तिसऱ्या मेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, ते मनापासून हळहळले. ओढ्याचा आणि त्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. मग म्हणाले, यंदा दुकानदारानं आम्हाला फसवलं, मोरचूद खोटा दिला, मी त्याची तक्रार करणार आहे. आणि जाता जाता मागे वळून म्हणाले, "मास्ती, पुढच्या फवारणीला चुना जरा लवकर पाठवा. तीन आठवडे आहेत. तेवढ्या एका गोष्टीचा मला भरवसा आहे."

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

खाली येईपर्यंत मी रडले नाही. दुग्गक्कानं विचारलं, काय कळलं गं? मी म्हटलं, बागवाल्यांनी औषध ओढ्यात ओतलं. सगळ्यांनी? सगळ्यांनी. ती म्हणाली, म्हणजे जट्टूनंही. मी मान हलवली. तेवढंच बोलले. अर्धं खरं बोलायला किती सोपं जातं ते मला त्या दिवशी कळलं.

गावात ते वाऱ्यासारखं पसरलं. बागवाल्यांना आमच्या बायका काय करणार होत्या? ते वर, आम्ही खाली. हाताशी होता तो जट्टू. आमच्याकडे पुळणीचा एक कायदा आहे, कागदावर नाही, पण कागदाहून पक्का. ज्यानं पुळणीचं वाईट केलं त्याच्या घरचा पाय पुळणीला लागायचा नाही. त्याच्या एकट्याचा नाही, घरचा. म्हणजे गिरिजाचाही. माझी चूल वेगळी, मी त्यात येत नव्हते.

दोन दिवसांनी भरतीच्या वेळी जटगाच्या कट्ट्यावर सगळे जमले. जटगा आमचा राखणदार, शेंदूर फासलेला एक उभा दगड, खाडीकडे तोंड करून. जट्टूला वरून बोलावलं होतं. तो भर उन्हात डोकं उघडं ठेवून उभा राहिला. गिरिजा एका बाजूला, पोटावर पदर ओढून. मी बायकांच्या मधोमध बसले होते, नेहमीच्या जागेवर. कुणी मला वाईट बोलत नव्हतं. उलट एकजण म्हणाली, भाऊ असूनही मास्तीनं लपवलं नाही, हिला म्हणतात माणूस. ते ऐकून मी जमिनीकडे बघत राहिले.

दुग्गक्कानं जट्टूला विचारलं की तू याच चिखलात खेळून मोठा झालास, तुझ्या अव्वानं याच पुळणीवर तुला पोसलं, ओतताना तुझा हात कसा धजला? तो म्हणाला, चुकलं. तिनं विचारलं, औषध बिघडलं कशानं? तो म्हणाला, मोरचूद खोटा होता.

कुणीतरी मागून म्हणालं, आपली कातडी वाचवायला सांगतोय. हेगडेची भाकर खातो, हेगडेचीच बाजू घेणार. दुग्गक्कानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"दगडावर हात ठेव आणि सांग," ती म्हणाली.

आता हे तुम्हाला कळायला हवं. जटगाच्या दगडावर हात ठेवून खोटं बोललं तर ते घरात जन्मणाऱ्या पहिल्या जिवावर जातं. हे आम्ही मानतो. तुम्ही मानू नका, पण आम्ही मानतो. गिरिजाला काहीच ठाऊक नव्हतं, ती नवऱ्याकडे बघत होती, नवरा खरंच बोलतोय या भरवशानं. आणि जट्टूला सगळं ठाऊक होतं. त्यानं एकदा तिच्या पोटाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलंच नाही. आणि त्यानं हात उचलला.

तो हात ठेवणार होता हो. माझ्यासाठी ठेवणार होता.

मी कशी उठले ते आठवत नाही. कुणाच्या तरी टोपलीत पाय अडकला, मी पडत झडत कट्ट्यावर पोचले आणि त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. दगडापासून वीतभरच राहिलं होतं.

"मोरचूद खरा होता," मी म्हटलं. "चुना खोटा होता. चुना माझा."

आणि मग मी सगळं सांगितलं. छप्पर, भिजलेला ढीग, कुटलेल्या शिंपल्या, वरचा थर. काही झाकलं नाही. हेगडेणीच्या पाण्याच्या धारेचंही सांगायला लागले होते, पण मध्येच थांबले, ते आता कशाला सांगायचं. जन्मभर माझं तोंड दुसऱ्यांवर चाललं. त्या दिवशी स्वतःवर चालवलं तेव्हा आवाज फुटत नव्हता, पुढच्या रांगेतल्या बायकांनाच काय ते ऐकू गेलं असेल. त्यांनी ते मागच्यांना सांगितलं.

कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर मी सोसलं असतं. गिरिजा खाली बसली आणि दोन्ही हातांनी पोट धरून हुंदके द्यायला लागली. जट्टू तिच्याजवळ गेला. दुग्गक्का माझ्याकडे बघत राहिली, एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तशी. पन्नास वर्षं तिचे पाय त्या वाळूत होते. मग ती म्हणाली.

"जट्टूचं घर मोकळं. मास्ती, तुझा पाय आजपासून पुळणीला लागायचा नाही."

मी हो म्हटलं. कधीपर्यंत हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तिथे संपलं असतं. पण माझ्या डोक्यात हेगडेंचे तीन आठवडे होते. मी पुन्हा उभी राहिले आणि सांगितलं की वर पुढची फवारणी होणारच, सुपारी ते मरू देणार नाहीत. चांगला चुना मिळाला नाही तर मिळेल तो भलताच आणतील, पुन्हा विळा तांबडा होईल, पुन्हा ओततील. पलीकडच्या दांड्यावर अजून जिवंत आहे ते तरी उरावं. जट्टू म्हणाला, मी बावीस बागांत जाऊन पाया पडतो, उरलेलं खड्ड्यात जिरवा म्हणून सांगतो. कुणी ऐकेल, कुणी हसेल, पण सांगतो. पण चुना चांगला हवा.

"शिंपल्या कुठायत?" एकीनं विचारलं. माझी जुनी रास संपलेली होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

 दुग्गक्का पुळणीकडे बघत होती. भरती उतरायला लागली होती.

मग ती उठली, तिनं टोपली कमरेला बांधली आणि पाण्याकडे चालायला लागली. तिच्यामागे एकेक करून सगळ्या निघाल्या. गिरिजाही निघाली, तिला कुणी थांबवलं नाही. मी काठावर उभी राहिले. पायानं चाचपायची गरजच नव्हती, त्या दोन्ही हातांनी भरत होत्या. टोपल्यांवर टोपल्या काठावर येत होत्या आणि माझ्या पायाशी रिकाम्या होत होत्या. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. मी ढिगातून चिखल निवडत होते, मांसाचे कुजके धागे काढत होते, धूत होते. त्यात नखाएवढ्या पिलांच्या शिंपल्या हाताला लागायच्या, पातळ, कागदासारख्या. एरवी त्या आम्ही परत पाण्यात टाकतो. मी त्याही भट्टीत घातल्या. आता त्या पाण्यात टाकून काय होणार होतं.

नऊ दिवस भट्टी चालली. दोन दोन बायका पाळीनं येऊन समोर बसायच्या, मी काय घालते आणि काय काढते ते बघत. छप्पर मी आधी नवीन घातलं होतं. गोणी भरली की दुग्गक्का तळापर्यंत हात घालायची, खालची कळी वर काढायची, पाण्याचा शिपका मारून ती कशी फसफसते ते बघायची, मगच तोंड शिवायची. आयुष्यात मी इतका चुना एका भट्टीला भाजला नव्हता आणि इतका पांढरा चुना माझ्या हातून कधी निघाला नव्हता.

गोण्या वर गेल्या. जट्टूनंच नेल्या. बावीस बागांत विळे बुडवले, पाती काळी राहिली. अकरा बागांनी खड्डे खणले, अकरांनी खणले नाहीत. त्या वर्षी वर सुपारी उत्तम आली आणि हेगडे म्हणे आल्यागेल्याला सांगत होते की मास्तीच्या चुन्याला तोड नाही. हे मला जट्टूनं सांगितलं नाही. बाजारात दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं, आणि मी काही सुकी मासळी घ्यायला गेले होते ती न घेताच परत आले.